कार्ड क्रमांक ४४१७

१

बुधवारी सकाळी अकरा वाजता कोशाच्या कचेरीतून एक शब्द नाहीसा झाला. खरं तर नाहीसं झालं होतं त्या शब्दाचं कार्ड. पण ज्या कचेरीत माणसं छत्तीस वर्षं शब्दांच्या मागे हात धुऊन लागली होती, तिथे या दोहोंत फरक करण्याइतकं शहाणपण कुणात उरलं नव्हतं.

शब्द होता 'धुमण'. जुना, वापरातून गेलेला. कुठून तरी आलेली एक नोंद सांगत होती की धुमण म्हणजे जाळ पेटवायच्या बारीक काटक्या. दुसरी सांगत होती, धुमण म्हणजे धूर. काटकी आणि धूर एकाच शब्दात कसे नांदतात आणि त्यातलं आधी कोण आलं, याचा निकाल तिसऱ्या कार्डावर होता. नेमकं तेच गेलं होतं.

ते मागितलं होतं वहिनींनी. वहिनी कोशाच्या मुद्रितशोधक. छापायला जाणारं प्रत्येक पान मूळ कार्डाशी ताडून बघायचं आणि मग त्यावर सही करायची, हे त्यांचं काम. कोशाचे मुख्य संपादक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, ते त्यांचे यजमान. सर जाऊन अडीच महिने झाले होते. पंधरा दिवसांनी वहिनी कामावर आल्या, चष्मा पुसला आणि पानावर जिथे पेन्सिलीची खूण होती तिथून पुढे वाचायला लागल्या. रडल्या नाहीत. लोक म्हणाले, धीराची बाई. धीर-बीर काही नव्हता. त्यांना काही वाटतच नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गाल असतो पण आपला नसतो, तसं अडीच महिने चाललं होतं.

कोशाची साडेअकराशे पानं बंद झाली होती, म्हणजे त्यांत आता काही बदलायचं नव्हतं. 'धुमण'चं एकच पान राहिलं होतं. वहिनींनी कार्ड मागितलं, कप्प्यात कार्ड नव्हतं, आणि अर्ध्या तासात संस्थेच्या अध्यक्षबाई गाडीतून उतरल्या.

"चाव्या कुणाकडे असतात?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे," कप्पेकाका म्हणाले. एकतीस वर्षं कार्डांची कपाटं सांभाळणारा हा माणूस शनिवारी निवृत्त होणार होता. कचेरीमागच्या एका खोलीत तो एकटा राहायचा, आणि निवृत्तीनंतरही मरेपर्यंत ती खोली त्याचीच, असं संस्थेनं कबूल केलं होतं.

"मग कार्ड कुठे आहे?"

कप्पेकाकांनी वहिनींकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे. "मला काही सांगायचं नाही."

अध्यक्षबाई या तशा वाईट नव्हत्या, पण छापखाना त्यांच्या डोक्यावर बसला होता. "पाच वाजेपर्यंत कार्ड टेबलावर आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाही आलं तर संस्थेचा ऐवज चोरल्याची नोंद होईल, आणि चोराला आम्ही खोली देत नाही. आजच सामान आवरायचं."

कप्पेकाकांनी मान हलवली. जणू कुणी त्यांना पत्ता सांगत होतं आणि तो त्यांना समजला होता.

"मी शोधते," वहिनी म्हणाल्या. का म्हणाल्या ते त्यांनाही कळलं नाही. चूक दिसली की खूण करायची, एवढीच सवय असेल.

२

कप्पा उघडा होता. वहिनींनी बोट घालून कार्डं मागेपुढे केली. 'धुमण'च्या जागी एक कोरं कार्ड होतं.

आता चोर काय करतो? कार्ड उचलतो आणि पळतो. जागा भरायला कोरं कार्ड ठेवत बसत नाही. कप्प्यातून एक जरी कार्ड काढलं तरी शेजारची कलतात आणि वर्षभरात वाकडी होतात, म्हणून काढलेल्या कार्डाच्या जागी कोरं ठेवायचं, हा कचेरीचा रिवाज होता. तो माहीत असलेली माणसं आता जगात फार तर चार होती, आणि त्यातली एक वहिनी.

कोऱ्या कार्डाचा उजवा कोपरा कात्रीने बारीक छाटलेला होता. वहिनींनी ते पाहिलं आणि होतं तिथे परत ठेवलं.

उपसंपादक आपल्या टेबलामागे घाम पुसत बसले होते. कुठलाही शब्द दिसला की हे गृहस्थ त्याच्या मुळाशी जायचे. बायको भाजी आणायला सांगायची तर हे भाजीच्या मुळाशी. त्यांच्या माघारी सगळी कचेरी त्यांना 'मूळव्याध' म्हणायची.

"वहिनी, तुम्हाला माझाच संशय येणार, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "सर आणि मी या शब्दावरून नऊ वर्षं भांडलो. जळण, सरपण, तसं धुमण. धूम म्हणजे धूर, त्यावरून धुमण. सरळ आहे! पण सर म्हणायचे, पेटवायच्या काटकीला कुणी धुराचं नाव का देईल? काटकी पेटावी म्हणून आणतात, धुमसावी म्हणून नाही."

"कार्डावर काय होतं?"

"धूर. मी सोमवारी वाचलं ना. पहिल्याच ओळीत धूर. म्हणून तर मी नोंदवहीत 'पान बंद' असं लिहून टाकलं. चार वाजता. मंगळवारी तुम्ही ते परत उघडलंत."

"अख्खं कार्ड वाचलंत?"

उपसंपादकांनी चष्मा काढला. "पहिली ओळ वाचली," ते म्हणाले. "मला हवं ते तिथेच होतं."

हा माणूस कार्ड चोरणार नव्हता. ज्या कार्डाने आपल्याला जिंकवलं असं त्याला वाटत होतं, ते त्याने फ्रेम करून भिंतीवर लावलं असतं.

"फोटो नाही का त्या कार्डाचा?"

"नाही. बंद झालेल्या पानांच्याच कार्डांचे फोटो काढायचे, हा सरांचाच नियम." उपसंपादक पुढे वाकले आणि आवाज खाली आणला. "वहिनी, एक विचारू? कप्पेकाका तुमच्याकडे बघून का गप्प बसले?"

३

मजकूर लावणारी मुलगी दिवसभर कळफलक बडवायची म्हणून तिचं नाव टकटक पडलं होतं. आज तिच्या खोलीतून आवाज येत नव्हता.

"काकू, मी नाही घेतलं हं," वहिनींना बघताच ती म्हणाली. "गेल्या महिन्यात एका कार्डावर चहा सांडला होता तो माझ्याकडूनच, पण ते मी सांगितलं होतं."

"धुमण वाचलंस का तू?"

"वाचलं ना, लावायचं होतं तर. काटक्या, असंच होतं. शेवटची ओळ आठवते, चार काढायच्या, चार ठेवायच्या. वरचं सरांचं अक्षर गिचमिड होतं, ते मी तुम्हाला विचारणार होते."

एकाने पहिली ओळ वाचली होती, दुसरीने शेवटची. मधलं कुणीच वाचलं नव्हतं. वहिनींनी अशा चुकांवर तीस वर्षं लाल पेन्सिल झिजवली होती, त्यांना नवल वाटलं नाही.

"आणखी काही?"

टकटक खिडकीबाहेर बघू लागली. तिचं नाक लाल झालं होतं. "काकू, मी काही बोलले तर काकांची खोली जाईल."

"नाही बोललीस तरी जाईल. पाच वाजता."

"सोमवारी सगळे गेल्यावर मी डबा विसरले म्हणून परत आले," ती म्हणाली. "काका सरांच्या खुर्चीपाशी उभे होते. हातात कार्ड होतं. मला बघितलं नाही त्यांनी. ते खुर्चीशी बोलत होते."

"काय बोलत होते?"

"म्हणाले, 'घ्या सर, झालं पुरं.'"

४

वहिनी कार्डांची नोंदवही घेऊन बसल्या. समोर चहा आला आणि त्याच्यावर साय धरली.

त्या काळी कागदाची टंचाई होती. कचेरीत येणारं जाहिरातीचं पत्रक, जुनी प्रश्नपत्रिका, आमंत्रण, ज्याची म्हणून पाठ कोरी असेल तो प्रत्येक कागद चार तुकडे करून कार्डं म्हणून वापरला जायचा. तुकडे केले की लगेच क्रमांक टाकायचे. मागच्या छापील बाजूत कुणी रमायला लागलं तर कोश व्हायचाच नाही, म्हणून सरांनी भिंतीवर पाटी लावली होती: 'पाठ वाचायची नाही.' पाटी अजून होती. ती सगळ्यांनी इतकी पाळली की कार्डांना दुसरी बाजू असते हेच लोक विसरले.

'धुमण'चा क्रमांक ४४१७. शब्द सांगणारी: कोळशाच्या भट्टीवर काम करणारी एक म्हातारी. ४४१२ पासून ४४२३ पर्यंत बाराही कार्डं त्याच फेरीतली, त्याच म्हातारीची. आणि ४४१७ पासून ४४२० पर्यंत, चार क्रमांकांशेजारी, हिरव्या पेन्सिलीचे चार बारीक ठिपके.

हिरवी पेन्सिल सरांची. ठिपके जुने नव्हते.

वहिनी उठल्या. ४४१८, 'झाकण'. कप्पा उघडला, तर तिथे कोरं कार्ड. ४४१९, 'पाचर'. कोरं. ४४२०, 'राख'. कोरं. या शब्दांची पानं कधीच बंद झाली होती, त्यामुळे त्यांची कार्डं गेल्याचं कुणाला कळायचं कारणच नव्हतं. म्हणजे आज एक नाही, चार कार्डं गेलेली होती.

"म्हातारीचे शब्द कुणी तरी गोळा करतंय!" मागे येऊन उभे राहिलेले उपसंपादक म्हणाले.

"मग बाकीचे आठ का सोडले?" वहिनींनी ४४१६ काढून दाखवलं. होतं. ४४२१, होतं.

उपसंपादकांनी बोटांवर काही तरी मोजलं आणि हार मानली.

"एका कागदाचे तुकडे किती करायचे आपण?" वहिनींनी विचारलं.

"चार." आणि मग त्यांच्या तोंडाचा आ झाला. "म्हणजे शब्द नकोच होता कुणाला."

"नाही. आपण सकाळपासून धुमणाचा अर्थ शोधतोय. ज्याने घेतलं त्याला कागद हवा होता. चार शब्दांच्या पाठीमागचा एक कागद."

झाकण, पाचर आणि राख यांच्या जागी ठेवलेल्या कोऱ्या कार्डांवर कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीने मूळ क्रमांक लिहिले होते. ती तीन कार्डं सरांनी स्वतः काढली होती, मरणाआधी. चौथ्या जागच्या कोऱ्या कार्डावर पेन्सिल नव्हती, कोपरा तेवढा छाटलेला होता. कोरं कार्ड अंधारातही बोटाला कळावं म्हणून त्याचा कोपरा छाटायची सवय कचेरीत एकाच माणसाला होती.

घड्याळात साडेतीन झाले होते. वहिनी मागच्या दाराने खोलीकडे गेल्या. कप्पेकाका पलंगावर बसून सामान बांधत होते.

५

सामान फार नव्हतं. एक ट्रंक, एक गुंडाळलेली गादी, कात्री.

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "तीन यांनी काढली, चौथं तुम्ही काढलंत. का ते सांगा."

कप्पेकाका दोरीची गाठ सोडून परत मारत राहिले. "सरांनी सांगितलं होतं. चौथं कार्ड उघड्या पानाचं आहे, ते आता हलवायचं नाही, पान बंद झालं की आणून द्या. सोमवारी वहीत 'बंद' लिहिलेलं बघितलं. दिलं."

"यांना जाऊन अडीच महिने झाले, भाऊ."

"सांगितलेलं काम होतं ना पण."

"दिलंत म्हणजे कुठे ठेवलंत?"

कप्पेकाकांनी वर पाहिलं. "वहिनी, पिशवी उघडली नाहीत ना अजून?"

सरांची खांद्याला लावायची कापडी पिशवी अडीच महिने त्यांच्या खुर्चीला लटकत होती. 'वहिनी, पिशवी घेऊन जा,' असं कप्पेकाका दर आठ दिवसांनी म्हणायचे आणि वहिनी 'हो, नेते' म्हणायच्या. मंगळवारी सकाळी ते स्वतः फाटकापाशी ती घेऊन उभे होते. हातातच दिली. वहिनींनी संध्याकाळी ती घरी नेली आणि दाराच्या मागे अडकवून ठेवली.

म्हणजे चोरीचा माल कालपासून त्यांच्याच घरात होता, आणि तपास करायला निघाल्या होत्या त्याच.

"सकाळी सांगितलं का नाहीत? खोली जात होती तुमची."

"काय सांगू? त्या बाई म्हणाल्या असत्या, आणा ती पिशवी. सगळ्यांसमोर टेबलावर ओतली असती. कार्ड उलटं करून वाचलं असतं." त्यांनी कात्री उचलून ट्रंकेत टाकली. "तुमचं आहे ते. तुम्ही एकट्याने वाचायचं. आणि वाचून झालं की मग मला काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन."

"मी तुम्हाला का बोलेन?"

"कागद मी कापायचो, वहिनी," कप्पेकाका म्हणाले. "नवीन होतो तेव्हा. मीच कापायचो."

६

घर दहा मिनिटांवर. वहिनींनी दार लावलं आणि पिशवी खाली घेतली. चष्म्याचं घर, खोकल्याच्या गोळ्या, हिरव्या पेन्सिलीचा तुकडा, आणि एका पाकिटात पाच कार्डं.

पाचवं सरांच्या अक्षरातलं होतं, अलीकडचं, हलत्या हाताचं. ते त्यांनी न वाचता पर्समध्ये टाकलं. तेवढी हिंमत नव्हती. बाकीची चार त्यांनी टेबलावर पालथी मांडली आणि इकडची तिकडे, तिकडची इकडे केली.

अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षीचं, जरा तिरकं, निळ्या शाईचं.

'तुम्हाला घरात मी आहे की नाही हेही कळत नाही, म्हणून आईकडे आले आहे. घरच्या पत्त्यावर लिहिलं तर तुम्ही आठ दिवस उघडणार नाही, म्हणून कचेरीत पाठवते. रागावले आहे, पण यायचं आहे मला. शनिवारी न्यायला या. आलात तर काही न बोलता येईन. नाही आलात तर तेही मला कळेल.'

तो शनिवार त्यांना पाठ होता. आईच्या घरची खिडकी, खाली रस्ता, सकाळी नेसलेली आणि रात्री घडी न करता टाकलेली साडी. सर आले नव्हते. दोन आठवड्यांनी त्या आपणहून परत गेल्या. सरांनी दार उघडलं, 'आलीस?' म्हणाले आणि परत कार्डांपाशी जाऊन बसले. तेव्हापासून एकतीस वर्षं दोघांनी एका घरात, पुढे एका कचेरीत चांगला संसार केला. लोक उदाहरण द्यायचे. वहिनींच्या आत मात्र एक पान त्या शनिवारी बंद झालं होतं. पत्र वाचून हा माणूस आला नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. सर गेले तेव्हा रडू आलं नाही, त्याचं कारणही त्यांनी मनाशी तेच धरलं होतं.

त्यांनी 'धुमण'चं कार्ड सुलट केलं. कोपऱ्यात कागद कापल्याचा शिक्का होता, सोमवारचा. पत्र पोचलं त्याच दिवशी पाठकोरं म्हणून कात्रीत गेलं होतं, कप्पेकाकांनी नियमाप्रमाणे न वाचता कापलं होतं. मंगळवारी सर कार्डांचा गठ्ठा घेऊन भट्टीच्या फेरीवर निघाले असणार. आणि वर, सरांच्या हाताने, म्हातारीशी बोलल्याची तारीख.

शनिवार. तोच.

त्या खिडकीत बसल्या होत्या तेव्हा हा माणूस त्यांचंच पत्र मांडीवर पालथं ठेवून, त्याच्या पाठीवर काटकीचा अर्थ उतरवून घेत होता.

वहिनींनी मग ते कार्ड वाचलं. पहिली ओळ, मधलं, शेवटची ओळ, सगळं. साडेचार वाजून गेले होते. बाकीची तीन कार्डं पाकिटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं. पाय चालत होते, रस्ता नेहमीचा होता.

७

पाचला दहा कमी असताना त्यांनी 'धुमण' अध्यक्षबाईंच्या समोर ठेवलं.

"माझ्या घरी होतं," त्या म्हणाल्या. "यांच्या पिशवीत. कप्पेकाकांनी यांनी सांगितल्याप्रमाणे पिशवीत ठेवलं आणि ती मीच घरी नेली. वहीत पान बंद लिहिलेलं होतं, त्यांची काही चूक नाही."

"मग हे सकाळी बोलता आलं नाही त्यांना?" अध्यक्षबाईंनी कार्ड उचललं आणि उलटं करायला गेल्या. "आणि हे मागे काय..."

वहिनींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. जोरात नव्हे, पण ठेवला. "पाठ वाचायची नाही," त्या म्हणाल्या. "पाटी आहे."

अध्यक्षबाईंनी पाटीकडे पाहिलं, वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं आणि कार्ड सुलट ठेवलं. "खोलीचं आपलं ठरल्याप्रमाणे," त्या दाराशी उभ्या कप्पेकाकांना म्हणाल्या. "ट्रंक सोडा."

वहिनींनी कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं, टकटकने लावून घेतलं.

'रोजच्या धुराचा उपयोग काय, असं मी विचारलं. म्हातारी हसली. चुलीच्या वर फळी, फळीवर ओल्या काटक्या. आजच्या धुरात उद्याची काटकी वाळते. तिला आम्ही धुमण म्हणतो. धुरात राहिलेली काटकी एका काडीत पेटते. रोज चार काढायच्या, चार ठेवायच्या.'

"म्हणजे धूमच!" उपसंपादक उठून उभे राहिले. "धुरात ठेवलेलं ते धुमण. मूळ धूरच!"

"काटक्याच की पण," टकटक म्हणाली. "सरांचंही खरं होतं."

"दोघांचं लाव," वहिनी म्हणाल्या. "अर्थ काटकी, मूळ धूर."

अध्यक्षबाई छापखान्याला फोन करायला बाहेर गेल्या. उपसंपादक त्यांच्या मागोमाग गेले, त्यांना मूळ समजावून सांगत. कप्पेकाका दाराशीच उभे होते.

"मी वाचलं असतं तर कापलं नसतं, वहिनी," ते म्हणाले. "सरांच्या हातून एक कार्ड उलटं पडलं, त्यांना तुमचं अक्षर दिसलं. त्यांनी दाखवलं तेव्हा कळलं मला."

"वाचायचं नाही असंच सांगितलं होतं ना तुम्हाला." वहिनी सरांच्या खुर्चीवर बसल्या. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. "बसा, भाऊ. दमलात."

पर्समधून त्यांनी पाचवं कार्ड काढलं. नेहमीसारखंच कोशाचं कार्ड होतं. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, खाली तारीख. सरांना दवाखान्यात हलवलं त्याच्या सात आठवडे आधीची.

'शनिवार. — मी भट्टीवर होतो. पत्र आज वाचलं. आलो असतो.'

आणि खाली कंसात, हिरव्या पेन्सिलीने: 'नोंद अपुरी. चौथा तुकडा मिळाल्यावर तिला देणे.'

वहिनींना आधी राग आला. इतका आला की त्यांनाच आश्चर्य वाटलं. सात आठवडे हा माणूस रोज समोर बसून जेवला होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणाला होता, औषध कडू आहे म्हणाला होता. चौथा तुकडा कुठे परगावी नव्हता, त्याच्याच कचेरीतल्या कप्प्यात होता. पान उघडं होतं म्हणून हलवला नाही, आणि नोंद पुरी नव्हती म्हणून सांगितलं नाही. तीन तुकड्यांवर नसतं का मला कळलं? तुम्ही नुसतं 'आलो असतो' म्हणाला असतात, तर मी कार्ड मागितलं असतं का हो तुमच्याकडे?

हे त्या मनात म्हणत होत्या असं त्यांना वाटत होतं. पण कप्पेकाका पुढे येऊन पाण्याचा पेला ठेवून गेले, त्यावरून कळलं की त्या मोठ्याने बोलत होत्या. गाल ओला होता, आणि तो त्यांचाच होता.

पलीकडच्या खोलीत कळफलकाचा आवाज चालू झाला, मग थांबला. टकटक दारातून डोकावली. तिला आतलं काही दिसलं नसावं, कारण ती घाईत होती.

"काकू, छापखान्याचा माणूस आलाय. पान बंद करू?"

साडेअकराशे वेळा वहिनींनी या प्रश्नाला मान न वर करता 'कर' म्हटलं होतं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या.